हलक्या मफिनसाठी साचा कोणता घ्यावा? सिलिकॉन, काळा नॉनस्टिक की साधं अ‍ॅल्युमिनियम

सुकामेवा घातलेले हलके, म्हणजे कमी तेल-साखरेचे मफिन बिघडले की बहुतेक जण चूक कृतीत शोधतात. निम्मी चूक साच्याची असते. लोणी आणि साखर भरपूर असलेला कपकेक कुठल्याही भांड्यातून सुटतो, रंगही छान धरतो. तेल-साखर कमी केली की मफिन साच्याला चिकटतो आणि तळाशी पांढुरका राहतो. म्हणून बाजारात मिळणारे तीन साचे इथे फक्त हलक्या मफिनच्या हिशेबाने पाहिले आहेत.

आधी मिश्रण. 6 मफिनना 75 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम कणीक, 1 सपाट टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम दही, 40 मिली बिनवासाचं तेल, 60 ग्रॅम पिठीसाखर, 1 अंडं, 2 टेबलस्पून दूध आणि संत्र्याची किसलेली साल फेटायची. सालीचा फक्त नारिंगी भाग घ्यावा, खालचा पांढरा कडू लागतो. बेदाणे, अक्रोड, बदाम मिळून 70 ग्रॅम पुरे. त्याहून जास्त मेवा घातला की मफिन जड होतो, मग पीठ कितीही चांगलं फुगो.

बेदाणे 15 मिनिटं कोमट पाण्यात भिजवून फडक्यावर अगदी कोरडे करावेत. कोरडेच घातले तर ते आजूबाजूचा ओलावा ओढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी मफिन ठसका लागेल इतका सुका होतो; ओले घातले तर त्यांच्याभोवती गिच्च गोळा राहतो. अक्रोड-बदाम 160 अंशांवर 7-8 मिनिटं भाजून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. मेवा तळाशी बसण्याचं खरं कारण पातळ पीठ आणि मोठे तुकडे. मैद्यात घोळवल्याने थोडा फरक पडतो, पण पातळ पिठाला तो उपाय नव्हे. चमच्यातून पीठ गोळ्याने पडलं पाहिजे, धारेने नाही. दही पाणीदार असेल तर दूध घालूच नये.

कोरडं आणि ओलं मिश्रण एकत्र करताना 10-12 वेळा उलथन्याने खालून वर घ्यायचं आणि थांबायचं. पिठाच्या बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. फेटत राहिलं की ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं, मफिन चिवट होतो आणि कापल्यावर आत उभी भोकं दिसतात. सोडा दह्याशी लगेच काम सुरू करतो, त्यामुळे ओव्हन आधीच तापलेला हवा. पीठ अर्धा तास ठेवलं तर फुगवटा कमी होणारच.

आता साचे. सिलिकॉनचा साचा दिसायला देखणा, मफिन उलटा करून सहज निघतो. पण सिलिकॉनमधून उष्णता सावकाश जाते. 200 अंशांवर 5 मिनिटं आणि मग 180 वर 13-14 मिनिटं या वेळेत अ‍ॅल्युमिनियममधला मफिन सोनेरी होतो. सिलिकॉनमधल्याला 3-4 मिनिटं जास्त लागतात, तरी तळ फिकाच. तोवर वरचा भाग कोरडा पडतो. साचा लवचीक असल्याने खाली पत्र्याचा ट्रे लागतोच, नाहीतर उचलताना पीठ कलंडतं. कमी तेलाच्या मफिनसाठी आमची पसंती याला नाही.

काळा नॉनस्टिक ट्रे उलट टोकाचा. गडद रंग उष्णता भराभर शोषतो, म्हणून तापमान 10-15 अंश कमी ठेवावं, नाहीतर तळाला लागलेले बेदाणे जळून कडू होतात. स्वस्त ट्रेच्या दुमडलेल्या कडेत पाणी साचून गंज धरतो. धुतल्यावर कोमट ओव्हनमध्येच वाळवावा. सुरी लावायची नाही.

सगळ्यात भरवशाचा जाड, फिकट अ‍ॅल्युमिनियमचा 6 वाट्यांचा ट्रे, किंवा सुटे साचे. तेलाचा हात फिरवून मैदा भुरभुरायचा आणि जास्तीचा झटकून टाकायचा. प्रत्येक वाटीत 75 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण पाऊण वाटी. कागदी कप वापरायचे तर बटरपेपरचे घ्यावेत, साध्या कागदाला हलका मफिन हमखास चिकटतो. आणि सोलायचे ते पूर्ण गार झाल्यावर. कागदाशिवाय भाजले असतील तर 5 मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवावेत. साच्यातच गार केले की वाफेने कड ओली होते. अ‍ॅल्युमिनियम डिशवॉशरमध्ये काळवंडतं, हातानेच धुवावं.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यात बोहरी आळी इथे साचे हाताळून घेता येतात. कड दाबून पाहावी, सहज वाकली तर पत्रा पातळ आहे. निघण्याआधी ओटीजीची (घरगुती छोट्या ओव्हनची) आतली लांबी-रुंदी टेपने मोजावी. 12 वाट्यांचा ट्रे लहान ओटीजीत बसतच नाही, आणि बसला तरी चारही बाजूंनी निदान 2 सेंटिमीटर जागा मोकळी राहिली नाही तर गरम हवा फिरत नाही व कडेचे मफिन आधी करपतात.