कॅल्शियम स्कोअरचा स्कॅन केला, स्कॅन झकास, रिपोर्टवर नाराज

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघतो, पण ते त्या त्या दिवसाचे आकडे झाले, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नसांमध्ये साचलंय किती ते त्यातून कळत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून हार्टच्या नसांमध्ये साचलेलं कॅल्शियम मोजणारी ही सीटी करून घेतली.

स्कॅनमध्ये घाबरण्यासारखं काहीच नाही. इंजेक्शन नाही, डाय नाही, छातीवर ईसीजीचे स्टिकर लावतात, "श्वास घ्या, धरा" म्हणतात आणि संपलंच. स्टिकर काढताना मात्र जीव गेला, छातीवर केस असणाऱ्यांनी तयारीत राहा. रेडिएशन साधारण १ मिलीसिव्हर्ट, म्हणजे फार नाही, पण हौस म्हणून दरवर्षी करत बसू नका.

राग आला तो रिपोर्टचा. एकच ओळ, "टोटल स्कोअर ८७, माइल्ड". कुठल्या नसेत किती, वयाच्या मानाने जास्त की कमी, काही नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणतो "माइल्ड आहे ना सर, मग टेन्शन कशाला". अरे पण ८७ हा पंचेचाळिशीत आला तर वेगळा आणि पंच्याहत्तरीत आला तर वेगळा ना!

मग रेडिओलॉजिस्ट मॅडमना भेटलोच. त्यांनी स्क्रीनवर नीट दाखवलं. घनता १३० हाउन्सफील्ड (सीटीवरच्या घनतेचं एकक) किंवा जास्त आणि कॅल्शियमचा डाग किमान १ चौरस मिलिमीटर असेल तरच तो धरतात, मग डागातल्या सगळ्यात जास्त घनतेप्रमाणे क्षेत्रफळाला १ ते ४ पैकी एका आकड्याने गुणायचं, दोनशेच्या खाली १, दोनशेच्या घरात २, तीनशेच्या घरात ३, ४०० पासून पुढे ४. माझा टाचणीच्या डोक्याएवढा एक डाग ४ चौरस मिलिमीटरचा, त्यातला सगळ्यात पांढरा ठिपका २५०, म्हणून त्याचे ८. असं एकेका स्लाइसचं जोडत जायचं. आर्थर अ‍ॅगॅटस्टन वगैरेंनी १९९० मध्ये काढलेली ही रीत अजून चालते.

वयाची तुलना शेवटी घरी येऊन मीच केली, मेसा नावाच्या अमेरिकन अभ्यासाच्या कॅल्क्युलेटरवर. २००० साली सुरू झालेला अभ्यास, हार्टचा त्रास नसलेली ४५ ते ८४ वयाची ६८१४ माणसं घेतली आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. फक्त त्यात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी एवढेच चार गट आहेत, बाकीच्यांनी अंदाजच समजायचा.

आणि हो, शून्य आला म्हणून सिगारेट पेटवू नका. हा स्कॅन फक्त कॅल्शियम धरलेला प्लाक (नसेच्या भिंतीत साचलेला थर) मोजतो, मऊ प्लाक दिसतच नाही. मान, मेंदू, पाय यांचा तर हिशोबच नाही, पायांसाठी घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन भागाकार करतात, ०.९ च्या खाली आला की गडबड. शिवाय स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असताना स्कोअर वाढलेला दिसू शकतो कारण प्लाक कडक होतो, तेव्हा पुन्हा स्कॅन करून आकडा वाढला म्हणून गोळी बंद करायचा शहाणपणा नको.

स्कॅनला पाच स्टार, रिपोर्टला दोन. नसांप्रमाणे आकडे लेखी मागितले, चार फोन केल्यावर आठ दिवसांनी आले : मुख्य डावी ०, तिच्या दोन फांद्या एलएडी ७१ आणि सर्कमफ्लेक्स ०, उजवी १६. बेरीज करून बघितली, बरोबर आहे.