अप्रेंटिससाठी पहिला व्हर्नियर: मितुतोयो ५३०-३१२

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट म्हणून अप्रेंटिसशिप करणाऱ्या आणि पुढे क्वालिटीत (तपासणी विभागात) किंवा टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात) जाऊ पाहणाऱ्या पोरापोरींनी स्टायपेंडमधून पहिलं मापन साधन घ्यायचं, तर हा व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. १५० मिमी रेंज, ०.०२ मिमी लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप), हार्डन केलेलं स्टेनलेस स्टील, अचूकता ±०.०३ मिमी. बॅटरी नाही, डिस्प्ले नाही.

स्वस्तातला डिजिटल सोपा वाटतो, पण स्लायडरखाली (सरकत्या भागाखाली) कुलंट, म्हणजे मशीनवरचं थंडाव्याचं द्रव, शिरलं की त्याचे आकडे नाचू लागतात. बंद ठेवला तरी बरेचसे बॅटरी खात राहतात. कुलंटप्रूफ डिजिटल चांगले असतात, पण त्यांची किंमत शिकाऊ पोरांना जड जाते. शिवाय व्हर्नियर वाचता येणाऱ्याला मायक्रोमीटर आणि बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं साधन) लवकर जमतात. नुसता आकडा बघणाऱ्याला ती सवयच लागत नाही.

वाचताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडखळतात. मेन स्केलवरच्या (न हलणाऱ्या पट्टीवरच्या) ४९ मिमीत व्हर्नियरची (सरकत्या पट्टीची) ५० घरं बसवलेली असतात, म्हणून व्हर्नियरचं एक घर मेन स्केलच्या घरापेक्षा ०.०२ मिमीने लहान, आणि जुळलेल्या रेघेपर्यंतचं प्रत्येक घर ०.०२ मिमी धरायचं. व्हर्नियरचा शून्य २४ च्या पुढे गेला आणि १७ वी रेघ जुळली, तर माप २४.१७ नव्हे, २४.३४. रेघेवर नजर सरळ वरून हवी. तिरकं बघितलं की शेजारची रेघ जुळल्यासारखी दिसते.

दुकानातच तपासून घ्या. जॉ (मोजताना वस्तू पकडणारे जबडे) मिटवून उजेडासमोर धरा, फटीतून प्रकाश दिसला तर दुसरा मागा. मिटलेल्या जॉवर दोन्ही शून्यं जुळतात का पाहा. लॉक स्क्रू ढिला करून स्लायडर शेवटपर्यंत सरकवा. मध्येच अडकता किंवा डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल तर स्लायडरच्या वरच्या कडेचे दोन बारीक स्क्रू घट्ट करून मग सुमारे ४५ अंश मागे फिरवायचे. कंपनीत स्लिप गेज (ठरावीक अचूक मापाचे ठोकळे) मिळाली, तर तेच गेज जॉच्या मुळाशी आणि टोकाशी मोजून बघा. दोन रीडिंगमधला फरक जॉची झीज दाखवतो. जॉब (मोजायची वस्तू) नेहमी जॉच्या मुळाजवळच धरावा, कारण टोकाकडे थोडा जोर पडला तरी स्लायडर कलतो.

याची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ड्रॉइंगवर २५ एच ७ (लहान लिपीतला h) असा शाफ्ट असेल, तर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते उणे ०.०२१ मिमी, म्हणजे या व्हर्नियरच्या अचूकतेपेक्षाही कमी. तिथे मायक्रोमीटरच लागतो. आयएसओ २७६८-एम या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकातल्या साध्या मापांसाठी (६ ते ३० मिमीला ±०.२) हा पुरेसा आहे. लहान छिद्रं आतल्या जॉने मोजली की माप किंचित कमी येतं, कारण जॉच्या कडा सपाट असतात. तिथे छिद्रं तपासायचे प्लग गेज किंवा बोअर गेज मागा.

आपल्याकडचा उन्हाळाही मापात उतरतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश, आणि मे महिन्यात शेडमध्ये सहज ४०. स्टीलचा जॉब आणि स्टीलचा व्हर्नियर सारखेच फुगतात, म्हणून चिंता नाही. १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब मात्र साधारण ०.०२३ मिमी जास्त दाखवेल, म्हणजे एका लीस्ट काउंटहून जास्तच. लेथवरून नुकता उतरवलेला गरम स्टीलचा जॉबही असाच फसवतो: व्हर्नियरपेक्षा २० अंश गरम असेल तर १०० मिमीला पुन्हा तेवढीच चूक. मोजला तेव्हा ओके आणि थंड झाल्यावर अंडरसाइज, असं रिजेक्शन बहुतेक इथूनच येतं. जॉब गार करून, बर (कडेला राहिलेली धारदार किनार) काढून, पुसून मगच मोजावा.

स्वतःचा व्हर्नियर खिशात घालून थेट उत्पादनावर वापरू नका. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) लागू असलेल्या प्लांटमध्ये कामगाराच्या मालकीचं साधनही कॅलिब्रेशनच्या (साधन प्रमाण मापाशी ताडून बघण्याच्या) यादीत असावं लागतं. सुपरवायझरमार्फत क्यूएकडे (गुणवत्ता विभागाकडे) द्या, ओळख क्रमांक आणि कॅलिब्रेशन स्टिकर घ्या, पुढची तारीख लिहून ठेवा. या निमित्ताने स्टँडर्ड रूमचा (मापन साधनं तपासायच्या खोलीचा) उंबरठा ओलांडता येतो, तिथल्या माणसांशी ओळख होते. पुढे सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर) काम करायचं असेल, तर त्यांना हाइट गेज आणि स्लिप गेज कसं वापरतात ते विचारा. टूलरूमची ओढ असेल, तर चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूल रूमच्या कोर्सची चौकशी करा.

ठेवताना जॉ एकमेकांना चिकटू देऊ नका, किंचित फट ठेवा आणि लॉक ढिला सोडा. कास्ट आयर्नची धूळ बीमवर (मुख्य पट्टीवर) राहिली की स्लायडर घासतो, म्हणून शिफ्ट संपताना कोरड्या कपड्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. आणि जॉच्या टोकाने मार्किंगच्या रेघा कधीही ओढू नका. त्यासाठी स्क्रायबर (रेघा ओढायची टोकदार सळई) आहे.