चाईव्हजची कुंडी घ्यावी का? वाईच्या बाजूच्या नर्सरीतल्या दोन कुंड्यांचा रिव्ह्यू

चाईव्हज म्हणजे कांद्या-लसणाच्या कुळातली हिरवी पात, पदार्थात चवीला घालतात ती. आधी रेटिंग सांगून टाकते, बारीक पातीच्या कुंडीला ५ पैकी अडीच, चपट्या पातीच्या कुंडीला साडेचार आणि ऑनलाइन मिळणाऱ्या वाळक्या चाईव्हजच्या डबीला शून्य.

वाईच्या बाजूला एका नर्सरीतनं दोन कुंड्या आणल्या, दोन्हीवर लेबल 'चाईव्हज', भाव पण सेम, दीडशेला एक, आणि झाडं मात्र दोन वेगळी. नर्सरीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असं लेबल मी बियांच्या पाकिटांवर पण बघितलंय, एकट्या त्यांनाच कशाला बोल लावायचा. तुम्ही घेताना एक पात तोडून चिमटीत दाबून बघा. गोल आणि आतनं पोकळ असेल तर ती साधी चाईव्हज, युरोपात ऑम्लेटवर आणि उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरतात ती. चपटी आणि भरीव असेल तर ती गार्लिक चाईव्हज, चायनीज डंपलिंगमधे जाते ती. फुलं आली की तर प्रश्नच मिटतो, पहिलीला जांभळे गोंडे आणि दुसरीला पांढरी बारीक फुलं. दोन्ही फुलं खाता येतात, फुलाचा दांडा मात्र चिवट असतो तो टाकून द्या.

आता सातारकरांसाठी महत्त्वाचं. बारीक पातीची चाईव्हज हे थंडीचं झाड आहे. पाचगणी-महाबळेश्वर १३००-१४०० मीटरवर, तिथल्या हवेत ती मजेत राहत असेल, पण खाली साताऱ्यात एप्रिलमधे पारा चाळिशीकडे जायला लागला की ती रुसते, पातीची टोकं पिवळी पडतात, मधनं वाळते, आणि पाणी जास्त घातलं तर बुडातनं कुजते. दिवाळीपासनं होळीपर्यंत मात्र काय तजेलदार असते! म्हणजे अर्ध्या वर्षाचं झाड समजूनच घ्या, उन्हाळ्यात सकाळचंच ऊन लागेल अशा जागी सरकवा आणि अपेक्षा ठेवू नका. चपटी वाली लय चिवट, ऊन सोसते, पाऊस सोसते, कापली की परत वर. मणिपूरला हीच पात परसात लावतात, तिला मारोई नाकुप्पी म्हणतात आणि रोजच्या जेवणात घालतात, त्यामुळे आपल्या हवेत नाही होत हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

चव. बारीक पात म्हणजे कांद्याचा नुसता वास, तोंडाला उग्रपणा राहत नाही, डोळ्याला पाणी नाही. पण ती शिजवायची नाही हो, गॅस बंद केल्यावर वरनं घालायची, नाहीतर तो वास उडून जातो आणि राहतात नुसते हिरवे तुकडे. थालीपिठात मळून बघितली, भाजल्यावर कुठे गेली पत्ता नाही. तीच पात थालीपिठाबरोबरच्या लोण्यात कापून घातली तर घरात भांडणं होतील एवढी भारी लागते. साध्या दह्याचा चक्का बांधायचा, मीठ, मिरपूड आणि मूठभर चाईव्हज, झालं, वेफर्सच्या पाकिटावरचं ते 'सोअर क्रीम'वालं प्रकरण घरी, आणि चवीला त्याच्यापेक्षा उजवं. चपटीला लसणाचा वास, ती जरा शिजवलेली चालते, अंड्याच्या भुर्जीत शेवटी टाका किंवा पिठल्यावर. कापायला विळी-सुरी नको, सरळ कात्री घ्या, मातीपासनं दोन बोटं पात ठेवून कापा म्हणजे परत फुटते.

वाळकी डबी घेऊ नका म्हणजे नकाच. हवेवर वाळवलेल्या चाईव्हजला गवताच्या वर काही चव राहत नाही. फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून वाळवलेली, त्यातल्या त्यात बरी, पण त्या भावात दोन कुंड्या येतात. जास्त झाली तर कापून फ्रीजरला टाका, पात मऊ पडते पण वास राहतो.

आमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न, चातुर्मासात चालते का? तर नाही, ही कांद्या-लसणाच्याच कुळातली, नाव इंग्लिश आहे म्हणून सूट नाही. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कांद्यासारखीच ही पण त्यांना विषारी.

"मग कांद्याची पात काय वाईट" असं म्हणणारे येणारच. वाईट काहीच नाही, भाजीला, झुणक्याला तीच लागते आणि मंडईत जुडी स्वस्तात मिळते, तिथे चाईव्हज घालणं म्हणजे पैसे वाया. पण कच्ची वरनं घालायची तर पातीचा उग्रपणा जाणवतो, आणि दोन चमचे हवी असताना अख्खी जुडी फ्रीजमधे सडते. कुंडी असली की लागेल तेवढीच कापायची. रेस्टॉरंटसारखं नुसतं दिसायला हिरवं हवं असेल तर कोथिंबीर घाला आणि गप बसा.

नर्सरीबद्दल थोडं, माणूस बोलायला चांगला, झाडं ताजी, पण माती फार चिकट भरलेली होती, पाणी तुंबत होतं, म्हणून घरी आणल्यावर वाळू आणि शेणखत मिसळून कुंडी बदलावी लागली. बियांचं पाकीट पण देत होते, त्यावर पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका, या बिया वर्षा-दोन वर्षात उगवायच्या बंद होतात. त्यापेक्षा कोणाकडे चपटी वाली असेल तर तिचा गड्डा उकरून चार कोंब मागून घ्या, साताऱ्यात कोणाला हवे असतील तर पाऊस सुरू झाला की माझ्याकडचे देईन, कुंडी तुमची आणा.