कातार्मानची खोली, गाडी आणि समुद्राखालची दफनभूमी: कामिगिन बेटावरचा मुक्काम

कामिगिनला जाणारे बहुतेक लोक माम्बाहाओला उतरतात. विमानतळ तिथेच, हॉटेलं तिथेच आणि समोर समुद्रात उघडा पडलेला पांढऱ्या वाळूचा तो प्रसिद्ध पट्टाही तिथलाच. आम्हीही आधी त्याच बाजूचं हॉटेल घेतलं होतं. पण मी लिहितेय ते बेटाच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या कातार्मान या गावाबद्दल, तिथल्या एका घरगुती खोलीबद्दल आणि आम्हाला फिरवणाऱ्या गाडीवाल्याबद्दल. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून कोणी मुलांना भेटायला फिलिपिन्सला जाणार असेल, तर त्यांनी दोन दिवस जास्तीचे काढून इथे मुक्काम करावाच.

आमची लेक फिलिपिन्सच्या दावाव शहरात डॉक्टरकी शिकते. दिवाळीला तिला येता आलं नाही, म्हणून शाळेच्या सुट्टीत आम्हीच निघालो. जून 2025 पासून भारतीयांना पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसाशिवाय फिलिपिन्समध्ये राहता येतं, त्यामुळे एजंटामागे धावावं लागलं नाही. दावावहून रात्रीची बस बुकिदनोनच्या डोंगरातून कागायान दे ओरोला येते. तिथून दुसरी बस बालिंगोआन बंदराला, आणि मग तासाभराहून थोडा जास्त वेळ बोट. बोट लागते बेनोनीला, म्हणजे माहिनोग गावात.

तिकीट काढताना एक सांभाळा. कातार्मान नावाचं दुसरं, बरंच मोठं शहर उत्तर समार प्रांतात आहे, ती त्या प्रांताची राजधानी आहे आणि तिथे विमानतळही आहे. संकेतस्थळावर नुसतं कातार्मान टाकलं की आधी तेच येतं. आपल्याला हवं ते कामिगिन प्रांतातलं. विमानाने जायचं तर सेबूहून कामिगिनचं तिकीट काढायचं, उतरायचं माम्बाहाओला.

आता गावाबद्दल. कामिगिन हा सगळा प्रांतच एका बेटाएवढा, मिंदानाओ या मोठ्या बेटाच्या उत्तरेला, बोहोल समुद्रात. बेटाभोवती फिरणारा रस्ता 64 किलोमीटरचा, म्हणजे रावेरहून जळगावला जाण्याइतकाच. त्या रस्त्यावर पाच नगरपालिका: माम्बाहाओ, माहिनोग, गिन्सिलिबान, सागाय आणि कातार्मान. ज्वालामुखी पाचाहून जास्त. कातार्मानच्या नगरपालिकेत 14 बारांगाय येतात. बारांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत धरा. प्रत्येकाचं छोटं कार्यालय, शेजारी पत्र्याच्या छपराखाली बास्केटबॉलचं मैदान, आणि संध्याकाळी अख्खा गाव तिथे. नगरपालिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे शहर येतं ते इथे शोधू नका. चर्च, बाजार, शाळा, नगरपालिकेची इमारत, आणि बाकी सगळ्या नारळाच्या वाड्या.

आमची खोली बोनबोन या बारांगायात होती. एका कुटुंबाने आपल्या घरामागे बांधलेल्या तीन खोल्यांपैकी एक. बाथरूम स्वच्छ, पंखा चालू, मच्छरदाणी धुतलेली, खिडकी समुद्राकडे. गरम पाणी नाही, आणि तिथल्या हवेत त्याची गरजही पडत नाही. घरच्या बाई साठीच्या असतील. लेक त्यांना नानाय, म्हणजे आई, म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. भाडं माम्बाहाओच्या हॉटेलच्या निम्म्याहून कमी, आणि सांगितलं तेवढंच घेतलं. पैशाच्या हिशोबासाठी एक पेसो साधारण दीड रुपया धरा.

जेवणाबद्दल मोकळेपणाने सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाची पहिली काळजी तीच असते. आम्ही दोघं शाकाहारी. फिलिपिन्समध्ये भाजी मागितली तरी तिच्यात कोळंबीचं आंबवलेलं वाटण किंवा माशाचं पाणी पडलेलं असू शकतं. आमच्या आधीच्या हॉटेलने संकेतस्थळावर शाकाहारी जेवण मिळेल असं लिहिलं होतं आणि ताटात वांगी-भेंडीच्या भाजीत तेच वाटण आलं. तक्रार केली तर उकडलेला भात आणि केळी दिली. नानायना मात्र लेकीने बिसाया या तिथल्या भाषेत एकदाच नीट सांगितलं: मासा नाही, कोळंबी नाही, अंडं नाही. त्यानंतर त्यांनी एकदाही चूक केली नाही. लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधात, मुगाचं पातळ कालवण, लसूण घालून परतलेली नाळीची भाजी. भात तिन्ही त्रिकाळ.

एका संध्याकाळी त्या लांब जांभळी वांगी निखाऱ्यावर भाजत होत्या. तिथे वांगं असं भाजून, सोलून, देठासकट चपटं करून अंड्यात बुडवतात आणि तळतात. मी म्हटलं, अंड्याच्या आधीच थांबा, पुढचं मी करते. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, आणि आम्ही घरून नेलेले शेंगदाणे. त्यांच्याच लाकडी खलात मिरची-लसूण ठेचला, वांगी घोटली, वरून फोडणी दिली. बामणोदच्या वांग्याची चव तिला कुठून येणार, पण धूर तोच होता. नानायनी भाताबरोबर दोनदा घेतलं, त्यांच्या नातवाने मिरचीला घाबरून दूर बसून पाहिलं. पाहुण्याला स्वयंपाकघरात असं हक्काने उभं राहू देणारी खोली मला पैशाने विकत मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गाडीवाला नानायचाच पुतण्या. त्याची मल्टिकॅब होती. मागच्या बाजूला समोरासमोर बाकं असलेली छोटी गाडी असते ती. पूर्ण दिवसाचे पैसे आधी ठरले, वाटेत कुठेही वाढवले नाहीत, दुकानात नेऊन खरेदीचा आग्रह केला नाही. जिथे तिकीट लागतं तिथे तो आधीच सांगायचा. माणूस कमी बोलणारा, पण ज्वालामुखीबद्दल विचारलं की गाडी बाजूला घेऊन बोलायचा.

आणि या गावाचा खरा विषय तोच आहे. 1871 च्या फेब्रुवारीत इथे भूकंपाचे हादरे सुरू झाले. ते वाढत गेले, आणि 30 एप्रिलला जुन्या कातार्मानच्या अगदी जवळ, हिबोक-हिबोक या ज्वालामुखीच्या उतारावर जमीन फाटली. लाव्हा समुद्रापर्यंत गेला. तिथे उभा राहिलेला नवा डोंगर पुढे काही वर्षं वाढतच राहिला. आज त्याला व्हल्कन म्हणतात. जुनं गाव उद्ध्वस्त झालं, किनाऱ्याची जमीन खचली आणि गावाची दफनभूमी समुद्राखाली गेली. वाचलेले लोक दुसरीकडे जाऊन राहिले, तेच आजचं कातार्मान.

जुन्या गावाचं जे उरलं ते गि-ओब चर्चचे अवशेष. प्रवाळी दगडाच्या जाड भिंती, वर छप्पर नाही, आत गवत, शेजारी घंटाघराचा उरलेला भाग आणि मोठी जुनी झाडं. भिंतीवर शेवाळ आहे, पण आवार झाडलेलं होतं. आमच्या आधी एक कुटुंब आत मेणबत्ती लावून बसलं होतं. म्हणजे ही जागा नुसती तिकिटाची नाही.

तिथून थोड्याच अंतरावर, किनाऱ्यापासून आत समुद्रात, एक प्रचंड क्रूस उभा आहे. 1982 साली तो बांधला, बुडालेल्या दफनभूमीची खूण म्हणून. रस्त्यावरून दिसतो. होडीने तिथपर्यंत जाता येतं, आणि पोहता येणाऱ्यांना पाण्यात घालायचा चष्मा लावून खाली पाहता येतं. लेक उतरली. थडग्यांच्या जागी प्रवाळ वाढलंय, मासे फिरतायत, असं तिने वर येऊन सांगितलं. होडीवाला गावातलाच, जाकीट स्वतः बांधून पट्टा ओढून बघणारा, आणि पाण्यात प्रवाळावर पाय ठेवू नका हे दोनदा बजावणारा. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. ती त्याच्या पूर्वजांची जागा आहे, आणि तो तिथे लोकांना नेतो तेव्हा ते विसरत नाही.

मी होडीतच बसून राहिले आणि मला माझं माहेर आठवलं. आमचं जुनं गाव हतनूर धरणाच्या फुगवट्यात गेलं. मी तेव्हा शाळेत होते. पुनर्वसनात नवं गावठाण मिळालं, सरळ आखलेले रस्ते, नाव जुनंच. उन्हाळ्यात तापीचं पाणी उतरलं की जुन्या ओट्यांचे दगड उघडे पडतात, म्हातारी माणसं काठावर उभी राहून इथे अमक्याचा वाडा, तिथे मारुती, असं दाखवतात. तिथे साधी एक पाटी नाही. भुसावळच्या दीपनगर वीज केंद्राला पाणी देणारं ते धरण. पाणी हवंच होतं, त्याबद्दल मी भांडत नाही. पण कातार्मानने समुद्रात क्रूस उभा केला, आजूबाजूच्या पोरांना होड्या चालवायचं काम मिळालं, आणि दूरदेशीची मी बाई तिथे जाऊन दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांना हात जोडून आले. आपल्या बुडीत गावांसाठी काठावर गावाचं नाव आणि जुना नकाशा असलेला दगड उभारायला किती खर्च येणार आहे? हे मी आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे, आणि फोटो दाखवून मांडणार आहे.

व्हल्कनवर चढायला पायवाट आहे. वाटेत येशूच्या अखेरच्या प्रवासाचे प्रसंग माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केलेत. चढ दमवणारा आहे. माझे गुडघे अर्ध्यावर बोलायला लागले, हे मात्र वरपर्यंत गेले. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात हजारो लोक नवस फेडायला सगळ्या बेटाला पायी फेरी घालतात आणि या डोंगरावर येतात. त्याला पानाआद म्हणतात. नानाय तरुणपणी पूर्ण 64 किलोमीटर चालल्या आहेत. मी त्यांना आपल्या चैत्रातल्या सप्तशृंगगडाच्या पायी यात्रेबद्दल सांगितलं. वाटेत कोण पाणी देतं, पायाला फोड आले की काय लावता, रात्री कुठे टेकता, असे त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि मग मध्ये लेकीची फारशी गरज उरली नाही. त्या आठवड्यात खोल्या मिळणं अवघड जातं. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा.

बाकी ठिकाणं थोडक्यात. सांतो निन्योचा थंड झरा उत्तम, पाणी खरंच गार, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी. बुरा इथलं सोडा पाण्याचं कुंड एकदा बघण्यापुरतं. तुआसान धबधबा मात्र चुकवू नका, जाण्याच्या वाटेवरची झाडीच पैसे वसूल करते. हे सगळं कातार्मानच्याच हद्दीत आहे, म्हणून इथे राहिलं की दिवस गाडीत जात नाही. हिबोक-हिबोकचा शिखरापर्यंतचा ट्रेक आम्ही केला नाही. 1332 मीटरचा तो डोंगर अजून जिवंत मानला जातो. 4 डिसेंबर 1951 ला त्याच्यातून उसळलेल्या तप्त राखेच्या लोटाने पाचशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतरच, 1952 मध्ये, फिलिपिन्सने ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा उभी केली. मी वर्गात बेसॉल्ट शिकवते, आपली काळी जमीन लाव्हाच्या दगडापासून झाली हे सांगते. पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नानायच्या आईने डोंगर पेटलेला डोळ्यांनी पाहिला होता.

आम्ही ऑक्टोबरात गेलो ते लान्सोनेसचे दिवस. खोडाला आणि फांद्यांना चिकटून घोसाने येणारं फिक्या पिवळ्या सालीचं छोटं फळ, आत पारदर्शक गोड फोडी, बी चावली तर कडू. याच महिन्यात बेटावर त्याचा उत्सव असतो. आमचं घर केळीवाल्यांचं, त्यामुळे ह्यांनी प्रत्येक वाडीपाशी गाडी थांबवली. मिंदानाओच्या मोठ्या मळ्यांत आपल्यासारखीच कॅव्हेंडिश निर्यातीसाठी लावतात, पण इथल्या परसात साबा नावाची जाड, चौकोनी केळी जास्त. ती शिजवून खायची. साखरेत तळून काडीला टोचलेली साबा गरम असतानाच खा. गार झाली की साखर दाताला चिकटते. पास्तेल नावाचा इथला प्रसिद्ध पाव सगळे खोक्याने घरी नेतात, पण त्याच्या पोटात अंड्याच्या बलकाचं गोड सारण असतं, हे शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं.

उणिवा. खोलीत नेट फारच हळू. रोख पैसे आधीच काढून न्या, कार्ड इथे कुठे चाललं नाही. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत पहाटे चारपासून कोंबडे आणि मोटारसायकली ऐकू येतात, म्हणून समुद्राकडची मागा. बोट वाऱ्यापावसात उशिरा सुटते किंवा सुटतच नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडा.

खोलीला आणि जेवणाला माझ्याकडून पाचपैकी पाच. गाडीलाही पाच. वयस्कर आईवडील सोबत असतील तर व्हल्कनची पायवाट सोडून बाकी सगळं त्यांना झेपेल, होडीत चढताना तेवढा हात द्यावा लागेल. आणि जाताना शेंगदाणे, तिखट आणि थोडी कळण्याची भाकरी होईल एवढं पीठ न्या. नानायना मी भाकरी करून दाखवायची राहिली आहे, पुढे कोणी गेलं तर ते काम तेवढं करा.