सिगिरियाला आई-बाबांना नेताय? आधी हे वाचा

श्रीलंकेत अनुराधपुरा, पोलोन्नारुवा, सिगिरिया, दांबुल्ला आणि कँडी या पट्ट्यात फिरताना खिसा कापला जाईल, ही भीती फारशी बाळगू नका. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर पैसे जातात ते आईच्या दमलेल्या पायांमुळे, बाबांच्या भिडेमुळे आणि दोघांच्या श्रद्धेमुळे. समोरचा माणूस सगळं गोड बोलून करतो, त्यामुळे फसवणूक होते आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सिगिरियाचंच बघा. उंच खडकावरचा हा प्राचीन किल्ला, वरपर्यंत सुमारे 1200 पायऱ्या आहेत. राजा काश्यपाच्या काळातल्या पाणबागांमधून सपाट वाटेनं चालत गेलं की मोठमोठ्या शिळांमधून दगडी पायऱ्या सुरू होतात. आई पहिल्यांदा थांबते ती इथेच, आणि तो माणूसही इथेच भेटतो. अंगावर गणवेश नसतो, पैशाचं तो अवाक्षर काढत नाही. ‘अम्मा, स्लोली, स्लोली’ म्हणत कोपराखाली हात घालतो. दहा-वीस पायऱ्यांनंतर दुसरा एक जण मागून पाठीला तळवा टेकवतो. भित्तिचित्रांकडे नेणारा लोखंडी गोल जिना, पुढे आरशासारखी गुळगुळीत केलेली आरसाभिंत, मग सिंहाच्या पंजांच्या भव्य शिल्पापाशी विश्रांती, असं सगळं हे दोघं सांभाळून करवतात. आकडा कळतो तो खाली उतरल्यावर, आणि दोघांचा वेगवेगळा. नाही म्हटलं तर घरची अडचण सांगतात, मग आवाज चढतो. शेवटी आईच म्हणते, ‘देऊन टाक रे, एवढं केलंय त्यांनी.’ या वाक्यावरच त्यांचा धंदा चालतो.

म्हणून पहिला हात लागताक्षणी ‘नो, थँक यू’ म्हणा आणि आईचा हात स्वतः धरा. मदत खरोखर हवी असेल तर ती घेण्यात काही गैर नाही, पण माणसं किती, कुठपर्यंत आणि येऊन-जाऊन एकूण किती, हे चढायच्या आधी ठरवा. रक्कम मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवा आणि ‘श्रीलंकन रुपये’ असं स्पष्ट म्हणा. एका भारतीय रुपयाला तिथले तीनहून जास्त रुपये मिळतात, त्यामुळे वर जाताना ठरलेले ‘पाचशे’ खाली आल्यावर भारतीय होऊ शकतात. गाइड हवा असेल तर पर्यटन प्राधिकरणाचं फोटो असलेलं परवानापत्र बघूनच घ्या. आणि गुडघे साथ देत नसतील तर आईला वर नेण्याचा हट्ट धरू नका. पाणबागा आणि प्रवेशाजवळचं संग्रहालय एवढं नीट बघितलं तरी सकाळ सार्थकी लागते. बाहेर पडायची वाट वेगळी आहे आणि ती दुकानांमधून जाते, गाडी कुठे उभी राहणार ते चालकाला आधीच विचारून ठेवा. नाहीतर दमलेल्या माणसाला ‘पार्किंग फार लांब आहे’ सांगून रिक्षात बसवणारे तिथे उभेच असतात.

तिकिटांची गोष्ट याहून साधी, पण रक्कम मोठी. सिगिरिया, पोलोन्नारुवा, अनुराधपुरा इथे सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी दर आहे. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. ‘उन्हात कशाला उभं राहता, पैसे द्या, मी तिकिटं आणतो’ असं कुणी म्हणालं आणि पूर्ण परदेशी दरानं पैसे मागितले, तर मधला फरक कुणाच्या खिशात जातो ते वेगळं सांगायला नको. मूळ पासपोर्ट घेऊन खिडकीवर स्वतः जा. पोलोन्नारुवाला तिकीट तळ्याजवळच्या संग्रहालयात मिळतं. ‘अर्ध्या पैशात मागच्या रस्त्यानं आत नेतो’ म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला ठाम नकार द्या. आत तपासणी झाली की तो निघून जातो आणि विनातिकीट ठरतात ते तुमचे बाबा.

श्रद्धेच्या जागी आपण सगळेच सैल होतो, धम्मयात्रेला महाराष्ट्रातून येणारी कुटुंबं तर जास्तच. कँडीत ‘आज दंतमंदिरात खास पूजा आहे, आत्ता चला’ असं रस्त्यात सांगणारे भेटतात. बुद्धांचा दात जपलेल्या या मंदिरात पूजा रोज तीनदा होते, पहाटे 5.30, सकाळी 9.30 आणि संध्याकाळी 6.30 वाजता. दानाची वही कुणी पुढे केली आणि वरच्या नावांपुढे मोठमोठे आकडे दिसले तर वही परत द्या. दान करायचंच आहे ना, मग मंदिराच्या पेटीत टाका.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते मातलेच्या आसपासच्या मसाल्याच्या बागांमध्ये. कँडी-दांबुल्ला रस्त्यावर चालक ‘फ्री आहे, दहा मिनिटं’ म्हणत गाडी वळवतो. दालचिनीची साल, मिऱ्याचा वेल, व्हॅनिला दाखवतात, ते छानच असतं. मग आईला खुर्चीत बसवून गुडघ्याला तेल चोळतात. दोन मिनिटांत ऊब येते, आई म्हणते ‘खरंच हलकं वाटतंय’, आणि लगेच बाटल्यांची यादी हातात येते. ऊब चोळण्याचीही असते, हे तेव्हा सुचत नाही. बाटलीवर घटक आणि छापील किंमत आहे का, तेवढं बघा. चालकाचं कमिशन त्या किमतीतच धरलेलं असतं. दालचिनी हवी असेल तर शहरातल्या सुपरमार्केटमधून घ्या. खऱ्या सिलोन दालचिनीच्या कांडीत कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले असतात, एकच जाड साल नसते. कँडीतल्या रत्नांच्या दुकानांचा प्रकारही हाच, फक्त तिथे शून्यं जास्त. ‘भारतात दुप्पट भावानं विकाल’ हे ऐकलं की उठायचं.

गाडी ठरवतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: दुकान नाही, मसाल्याची बाग नाही, रत्नं नाहीत, एकूण भाडं इतकं, पेट्रोल आणि चालकाचं राहणं-जेवण त्यातच. गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढून ठेवा. वाद झालाच तर श्रीलंका पर्यटनाचा 1912 हा क्रमांक लावा, आणि आई-बाबांना त्या गर्दीतून आधी गाडीत नेऊन बसवा.