ओईटीच्या तयारीसाठी सीताबर्डीतला संध्याकाळचा वर्ग

मी नागपूरला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. परदेशी नोकरीसाठी ओईटी (नर्स, डॉक्टर वगैरेंसाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यायची असेल आणि नर्सिंगचं इंग्रजी येतं पण पत्र जमत नाही, अशी अडचण असेल तर हा वर्ग जरूर लावा. लिहायच्या पेपरात 45 मिनिटं मिळतात, त्यातली पहिली 5 फक्त केस नोट्स, म्हणजे पेशंटच्या नोंदी, वाचायला. उरलेल्या वेळात त्या पेशंटबद्दल, फिजिओथेरपिस्टसारख्या पुढे काळजी घेणाऱ्याला, 180 ते 200 शब्दांचं पत्र. इथल्या मॅडम प्रत्येकीचं पत्र समोर बसवून तपासतात, आणि क्रियापदावर अडून बसतात.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम सोडून दिलेल्या आजोबांची केस होती. बॅचमधल्या एकीनं लिहिलं, ‘द पेशंट डीमोटिव्हेटेड ड्यू टू पेन.’ मराठीत ‘पेशंट खचला’ एवढं पुरतं, तेच तिनं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, डीमोटिव्हेट म्हणजे खच्ची करणं. कोणी कोणाला केलं ते सांग.’’ मग वाक्य झालं, ‘द पेन डीमोटिव्हेटेड हिम.’ पेशंटपासूनच सुरुवात करायची तर ‘वॉज डीमोटिव्हेटेड’ किंवा सरळ ‘लॉस्ट मोटिव्हेशन’. कंटाळवाणा व्यायाम मात्र ‘डीमोटिव्हेटिंग’.

दुसरीनं ‘डिसकरेज्ड फ्रॉम वॉकिंग’ लिहिलं होतं. तिला म्हणायचं होतं की चालायची उमेद गेली. पण वाचणारा फिजिओथेरपिस्ट समजेल की कोणीतरी आजोबांना चालू नका म्हणून सांगितलंय! ज्या माणसाला चालवायचंय, त्याच्या पत्रात हे किती महागात पडेल. हे समजावायला मॅडमनी अर्धा तास दिला आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. आमच्या वॉर्डात अशी खचलेली माणसं रोज दिसतात, त्यांच्याबद्दल नीट लिहिता आलंच पाहिजे.

बोलण्याचा सरावही बरा आहे, रोल प्ले करून घेतात. ऐकण्याच्या भागात मात्र वर्ग कमी पडतो. एकाच स्पीकरवर सगळ्यांनी ऐकायचं, त्यात उन्हाळ्यात कूलरची घरघर. हेडफोन द्यायलाच हवेत. तोवर तो सराव घरी करा.

मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजपासून पायी जाता येतं. नाईट ड्यूटी असेल तर आधी सांगा, मॅडम सकाळच्या बॅचमध्ये बसू देतात, वेगळे पैसे घेत नाहीत.