‘एकदाच उडवलेल्या’ पुंगळ्यांचा धंदा

अमेरिकेत राहून नेमबाजीचा नाद लागलेल्या आणि घरच्या घरी काडतुसं भरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. इथे टेक्सासात असे बरेच जण भेटतात. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी नुसतं वाचा.)

माझ्या .३०८ रायफलसाठी मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन पाचशे पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या, मागवल्या. जाहिरात अशी: लष्करी माल, एकदाच उडवलेला, रिसाइज करून (म्हणजे फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मापावर आणून), लांबी छाटून, पॉलिश करून तयार. दर नव्या पुंगळीच्या निम्म्याहून कमी. माल आला तो एकदम चकचकीत. बुडावर ‘एलसी’, म्हणजे मिझुरीतला लेक सिटी कारखाना, शेजारी वर्तुळातली नाटोची फुली. शिक्का अस्सल होता. भानगड आत होती.

गोळी सुटते तेव्हा पितळ फुगून चेंबरला, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट चिकटतं आणि बूड मात्र मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, रेटलं जातं. ताण पडतो तो बुडाच्या जरा वर. मग रिसाइजिंग डायमध्ये (साच्यात) पुंगळी घातली की तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा निमुळता भाग, परत मागे ढकलला जातो, आणि पुढच्या बाराला ती पुन्हा तेवढीच ताणली जाते. असं दरवेळी त्याच जागी पितळ पातळ होतं, आणि तिथलं पितळ पुढे सरकून मान लांबते. म्हणूनच ती छाटावी लागते. मशिनगनचं चेंबर ऐसपैस असतं. त्यातून निघालेली पुंगळी पहिल्याच बाराला भरपूर ताणलेली असते.

मला पहिला संशय आला तो प्रायमर, म्हणजे बुडातल्या खड्ड्यात बसणारी दारू पेटवणारी टोपी, बसवताना. काही पुंगळ्यांत प्रायमर जवळजवळ अंगठ्याने आत गेला. एकदाच उडवलेल्या पुंगळीचा खड्डा इतका सैल होत नाही. मग पेपरक्लिप सरळ केली, टोकाला बारीक आकडा वळवला आणि आतून भिंतीवर फिरवली. बुडाच्या जरा वर टोक खाचेत अडकायचं. एक पुंगळी हॅक्सॉने उभी चिरली. आतली खाच नुसत्या डोळ्यांना दिसत होती आणि त्या जागी उरलेलं पितळ कागदाएवढं. ही रायफलमध्ये उडवली असती तर बूड तुटून अर्धी पुंगळी चेंबरमध्ये अडकली असती आणि गरम वायू मागे, आपल्याच तोंडाच्या दिशेने. चष्मा न घालणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता यातली हुशारी बघा. छाटून सगळ्या २.००५ इंचांवर आणल्या, म्हणजे वाढलेल्या लांबीचा पुरावा गेला. पॉलिशने काजळी गेली आणि मानेवरचा तो निळसर-तपकिरी डागही गेला, जो लष्करी पुंगळीवर कारखान्यातूनच असतो. बुडाजवळ पितळ ताणल्याची बाहेरून दिसणारी फिकट चकाकती रेघही पॉलिशमध्ये मिसळून गेली. प्रायमरभोवतीचा लष्करी क्रिंप (तो हलू नये म्हणून कारखान्यात दाबलेली कड) काढून टाकलेला, तेव्हा आधी किती जणांनी भरल्या हे कळायला वावच नाही. गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) टाकल्या तर बिनतक्रार बसतात, कारण गेज बाहेरचं माप सांगतं, भिंतीची जाडी नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

विक्रेत्याला चिरलेल्या पुंगळीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “तुमची डाय चुकीची लावली असेल.” मी त्या डायमध्ये घातल्याच नव्हत्या, तयार माल म्हणून तर घेतला होता! पुढचा मेसेज गेलाच नाही, साहेबांनी ब्लॉक केलं होतं. पैसे त्याने मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पद्धतीने मागितले होते, “फी वाचते” म्हणून. त्या पद्धतीत खरेदीचं संरक्षण नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

आता मी पुंगळ्या घेतो त्या घाणेरड्या. काजळी तशीच, तोंड जरा चेपलेलं आणि जुना प्रायमर जागेवर, त्याभोवती क्रिंप शाबूत. असा क्रिंप असला म्हणजे कारखान्यानंतर कोणी तिला हात लावलेला नाही. मशिनगनची असण्याची शक्यता तरीही उरते, म्हणून रिसाइज करण्याआधी खांद्याचं माप घेतो आणि खूप पुढे सरकलेल्या बाजूला काढतो. मेहनत वाढते खरी. विक्रेता क्रिंपचा जवळून काढलेला फोटो द्यायला का-कू करू लागला, की मी दुसरीकडे वळतो.

त्या पाचशेच्या पाचशे पक्कडीने तोंडं दाबून भंगारात घातल्या. न दाबता दिल्या असत्या तर पुन्हा पॉलिश होऊन कोणाच्या तरी गळ्यात पडल्या असत्या. परवा तेच फोटो दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसले, दर तेवढा थोडा चढवलेला.